मदत हवी: आयसीयूच्या मेडिकल ऑफिसरना बेडसाइड सोनोग्राफी कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी हॉस्पिटलात फिजिशियन आहे. छोटं आयसीयू, रात्री ड्यूटीवर एकच एमबीबीएस मेडिकल ऑफिसर. मध्यरात्री धापा टाकणारा म्हातारा पेशंट येतो, स्टेथो लावला तर दोन्हीकडे घरघर. सीओपीडी (श्वासनलिकांचा जुनाट आजार) वाढलाय की हार्ट फेल होऊन फुफ्फुसात पाणी भरलंय? एकाला नेब्युलायझर, दुसऱ्याला लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं औषध). छातीवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला तर दोन-चार मिनिटांत बराच उलगडा होतो. दोन्ही बाजूंना भरपूर बी-लाइन्स (स्क्रीनवर खाली उतरणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा) असल्या तर संशय पाण्याचा. ए-लाइन्स (आडव्या समांतर रेषा) आहेत आणि प्लुरा (फुफ्फुसाचं आवरण) सरकतोय, तर बहुधा सीओपीडी. धाप लागलेल्या पेशंटची फुफ्फुसाची सोनोग्राफी कशी करायची, हे सांगणारा लिश्टेनस्टाइन यांचा ब्लू प्रोटोकॉल २००८ सालचा, म्हणजे हे काही नवीन खूळ नाही.

अडचण अशी की मशीन आहे, पण सोनोग्राफीच्या खोलीत कुलपात. किल्ली रेडिओलॉजिस्टकडे आणि ते संध्याकाळी घरी जातात. त्यांना दोष देता येत नाही. उद्या काही झालं तर गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली मशीन सील होणार आणि कोर्टाच्या फेऱ्या त्यांच्याच नशिबी. फॉर्म एफमधल्या (गर्भवतीच्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवायची नोंद) त्रुटींना निव्वळ कारकुनी चूक म्हणता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये फॉग्सी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या याचिकेवर सांगितलंच आहे. परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण ज्या राज्यात घडलं तिथे कायदा सैल करा, असं मीही म्हणणार नाही. पण ‘आम्ही फक्त छाती बघतो’ हे कायद्यापुढे चालत नाही, कारण त्याच मशीनवर गर्भही दिसतो.

पीजी (पदव्युत्तर शिक्षण) नसलेल्या एमबीबीएस डॉक्टरसाठी २०१४ च्या नियमांप्रमाणे सहा महिन्यांचं ट्रेनिंग आहे. ते मुख्यतः पोट आणि ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं. मला हवंय फुफ्फुस! शिवाय सहा महिने नोकरी सोडून कोण जाणार? त्यात आमचे मेडिकल ऑफिसर पीजीच्या परीक्षेपर्यंतच टिकतात. शिकवून तयार करावं तर मुलगा चालला.

शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचा अनुभवही सांगतो. तिथे मॉडेल म्हणून सडपातळ, ठणठणीत मुलगा असतो, सगळं पुस्तकासारखं दिसतं. आयसीयूत पेशंट जाड, छातीवर ईसीजीचे स्टिकर, कूस बदलता येत नाही. मी सोबत उभा राहून बघू दिलं, तेव्हा एका मेडिकल ऑफिसरने डाव्या बाजूला जठरातलं पाणी प्लुरल इफ्यूजन (फुफ्फुसाभोवती साठलेलं पाणी) म्हणून दाखवलं. डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला पडदा) आधी शोधायचा, मग पाणी त्याच्या वर की खाली ते ठरवायचं, हे वर्कशॉपमध्ये ऐकलेलं होतं, हाताला मात्र ठाऊक नव्हतं.

तर विचारायचं आहे: छोट्या हॉस्पिटलात कुणी हे कायद्यात बसवून सुरू केलंय का? नंतर सोनोग्राफीच्या सेव्ह केलेल्या क्लिप्स कोण तपासतं? आणि रेडिओलॉजिस्टला कसं राजी केलंत?

प्रतिसाद:

डॉक्टर, मी भूलतज्ज्ञ आहे, आमच्याकडे सुरू आहे. पीजी झालेले आम्ही कन्सल्टंटच प्रोब धरतो. आयसीयूचं मशीन सोनोग्राफी सेंटरच्या पीसीपीएनडीटी रजिस्ट्रेशनवर चढवलंय, आमची नावंही. मशीन किंवा माणूस बदलायचा तर ३० दिवस आधी कळवावं लागतं, ते विसरू नका. मेडिकल ऑफिसरच्या हाती एकट्याने मशीन देऊ नका, मग तो कितीही हुशार असो. त्याला आधी सेव्ह केलेल्या क्लिप्स ओळखायला शिकवा. रेडिओलॉजिस्टलाच दर आठवड्याला त्या क्लिप्स बघायला बसवा. आमचे साहेब तिथेच वळले. आम्ही त्यांचा रिपोर्ट पळवत नाही, हे त्यांना दिसलं. हार्ट सध्या बाजूला ठेवा, फुफ्फुसापासूनच सुरुवात करा.

मूळ धागाकर्ता:

आभार. म्हणजे रात्री फोन आला की मलाच उठून जायचं, हे काही चुकत नाही! क्लिप्सची कल्पना मात्र उद्याच साहेबांच्या कानावर घालतो. एक शंका: क्लिपच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव असतं, ते सेव्ह करतानाच काढता का?