सैराटची गाणी खऱ्या ऑर्केस्ट्राशिवाय तशीच वाजली असती काय?

शहापूरचा_हलगीवाला
गणपतीसाठी आमच्या बेंजोत सैराटची गाणी बसवूलालोय. झिंगाट एका रात्रीत बसलं पण याड लागलंमधलं व्हायोलिन कीबोर्डवर वाजवलं की मोबाईलच्या रिंगटोनगत वाटतंय, पोरं हसूलालीत. मग डोक्यात आलं, इनमिन चार गाणी आणि त्यासाठी अजय-अतुल पार लॉस एंजेलिसला, सोनीच्या स्कोरिंग स्टेजवर (पिक्चरचं संगीत रेकॉर्ड करायचा मोठा हॉल) सिम्फनी रेकॉर्ड करायला गेले, ते खरंच गरजेचं होतं का नुसता बडेजाव?

खानापूर_साउंड
बडेजाव नव्हे गा. कीबोर्डची की दाबलास की सगळी व्हायोलिनं एकदम चालू, सोडलास की एकदम बंद. खऱ्या ताफ्यात प्रत्येकाचा गज केसभर मागंपुढं पडतो, शिवाय हॉलची गुंज माइकात उतरते, म्हणून ती लाट अंगावर आल्यासारखी वाटते. तुमच्या कीबोर्डवाल्याला व्हॉल्यूम पेडल दे, सूर हळूहळू चढवू दे. आणि त्या वेळी हलगी गप ठेव की, ती कडाडली की खालचं सगळं मेलं.

निपाणीची_पोर
मला ऑर्केस्ट्रापेक्षा शब्द महत्त्वाचे वाटतात. एवढं विलायती संगीत आणि त्यावर याड, बया असले आपल्या घरातले शब्द, गंमत तिथंच आहे. 2017 ला कन्नडमध्ये सैराटचा रिमेक मनसु मल्लिगे आला, चाली त्याच, चिकोडीत मावसबहिणीच्या हळदीला कन्नड झिंगाट लावलेलं आणि आमच्या मावश्या त्याच्यावर मराठी शब्द ओरडत नाचत होत्या, डीजेवाला येडा व्हायची पाळी. 2018 चं धडकमधलं हिंदी मात्र मला गुळमुळीत वाटलं, कन्नड परवडलं.

टिळकवाडी_कट्टा
खरं सांगू काय, पिक्चर यायच्या आधी ऐकलं तेव्हा मला इंग्लिश पिक्चरचं म्युझिक आणून चिकटवल्यागत वाटलेलं. मग थेटरात परशा पळत येऊन विहिरीत उडी टाकतो ते बघितलं आणि गप बसलो. झिंगाटला तर पब्लिक पडद्यासमोर जाऊन नाचत होतं, माझी चप्पल हरवली त्यात.

शहापूरचा_हलगीवाला
पेडल मिळालं नाही. तो तुकडा शेवटी ट्रम्पेटवाल्याला दिला, हलगी बंद ठेवून. कालच्या प्रॅक्टिसला कोण हसलं नाही, फक्त गल्लीतली एक आजी दारातनं विचारत होती, झिंगाट कधी लावूलालास रे?