मदत हवी आहे: झूम केलं की गॅन फॅनचा कोन बदलतो

ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवर निफ्टीच्या वीकली चार्टला २४ मार्च २०२० च्या तळापासून (७५११) गॅन फॅन (एका बिंदूपासून पंख्यासारख्या तिरक्या रेषा काढणारं साधन) लावला आहे. त्यातली मुख्य, १×१ ची रेषा अंदाजाने ४५ अंशांवर बसवली. झूम बदलला की ती कधी ३० वर दिसते, कधी ६० वर. शिवाय हा तळ आणि १७ जून २०२२ चा तळ (१५१८३) जोडणारी ट्रेंडलाइन काढली, तर सप्टेंबर २०२४ मध्ये भाव लॉग स्केलवर (जिथे सारखे टक्के सारख्या उंचीचे दिसतात) तिच्या खाली दिसतो, साध्या स्केलवर (जिथे सारखे अंक सारख्या उंचीचे) वर. कोणतं धरायचं?

प्रतिसाद १
४५ अंश डोक्यातून काढा. १×१ म्हणजे एका बारला (वीकली चार्टवर एक आठवडा) किमतीचं एक एकक. नजरेने बसवलीत, म्हणजे त्या क्षणीच्या झूमनेच तुमचं एकक ठरवलं.

आधी एकक ठरवा, समजा आठवड्याला ५० अंक. फॅनच्या सेटिंग्जमध्ये कोऑर्डिनेट्स उघडा. पहिला बिंदू ७५११ वर, दुसरा १०० बार पुढे १२५११ वर. आता कितीही झूम करा, रेषा त्याच किमतींतून जाईल. दिसणारा कोनही पक्का हवा असेल तर प्राइस स्केलवर राइट क्लिक करून लॉक प्राइस टू बार रेशो. फॅन साध्या स्केलवरच ठेवा. ५० ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही, २५ आणि १०० नेही तपासा. डेलीवर हेच एकक साधारण १० होतं. साधारणच, कारण सुट्टीच्या आठवड्यात पाच बार भरत नाहीत.

प्रतिसाद २
ट्रेंडलाइनचं गणित करून पाहा. दोन तळांत ८१५ दिवस. आणखी ८१५ दिवसांनी, ९ सप्टेंबर २०२४ ला, साधी रेषा तेवढेच ७६७२ अंक चढून २२८५५ च्या आसपास येते. लॉगची रेषा तेवढेच टक्के चढते, म्हणजे पुन्हा दुपटीहून थोडं जास्त: ३०६९० च्या आसपास. निफ्टी तेव्हा २५ हजारांजवळ होता. एका रेषेच्या वर, दुसरीच्या बराच खाली.

एरवी अनेक वर्षांच्या चार्टला लॉगच बरा. इथे मात्र पहिला बिंदू करोनाच्या घबराटीतला आहे, त्यामुळे लॉगची रेषा दर सव्वादोन वर्षांनी दुप्पट मागते. तिच्या तुटण्याला मी फार किंमत देणार नाही.

फिबोनाचीतही (चढाचे ठरावीक टक्के मागे येणारे स्तर दाखवणारं साधन) हीच गोम. ७५११ ते २६२७७ (सप्टेंबर २०२४ चा उच्चांक) या चढाचा ५० टक्के स्तर साध्या हिशेबाने १६८९४, लॉगने १४०४९. टूलच्या सेटिंग्जमध्ये लॉग स्तरांची वेगळी खूण आहे, ती पाहून घ्या.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, कोऑर्डिनेट्सने फॅन बसला. शेअरच्या चार्टला हीच पद्धत?

प्रतिसाद १
हो, पण बोनस-स्प्लिट सांभाळा. १:१ बोनसनंतर (एका शेअरवर एक शेअर मोफत) चार्टवर जुने भाव निम्मे दाखवले जातात. जुना फॅन पुसा, तळाचा नवा भाव घ्या आणि एककही निम्मं करा.