गेमसाठी संबळ रेकॉर्ड करतोय: ठोका फाटतो, लूप अडखळतो

गोदाकाठ (परभणी)
माध्यम निर्मितीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प म्हणून गोडॉटमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा गेम करतोय. गोष्ट देवीच्या गोंधळाच्या रात्रीची आहे, म्हणून संबळ आणि तुणतुणं खरंखुरं वाजवून घ्यायचंय, इंटरनेटवरचं तयार सॅम्पल नको. संबळ पत्र्याच्या खोलीत एक फुटावरून हँडी रेकॉर्डरवर घेतला. मीटर एकदाही लाल झालं नाही, सगळं −६ डीबीच्या खालीच आहे, तरी ठोका फाटल्यासारखा येतो. मागे बारीक घूंऽऽ आहे. लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) ३२० केबीपीएस एमपी३ मध्ये काढलाय. तो गेममध्ये दर फेरीला क्षणभर अडखळतो, पण ऑडॅसिटी या आवाज कापायच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये नीट वाजतो. कुठं चुकतंय?

कापसाची_खोली
मीटर लाल न होता आवाज फाटतो, म्हणजे तो फायलीत शिरायच्या आधीच फाटलाय. ऑडॅसिटीत एका ठोक्यावर झूम करून लाट बघा. शेंडे −६ वरच सुरीने कापल्यासारखे सपाट असतील तर माइक किंवा त्याच्या पुढचा प्रीअँप (माइकचा सिग्नल वाढवणारा भाग) क्षमतेबाहेर भरलाय. नंतर आवाज कमी करून तो सांधत नाही, टेक पुन्हाच घ्यावा लागतो. शेंडे गोल आहेत, पण ठोक्यामागचा नाद आधी दबून मग हळूहळू वर येतो, असं दिसलं तर ते ऑटो लेव्हलचं (पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय) काम. ऑटो लेव्हल आणि लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारा) दोन्ही बंद करा. लो-कटही (खालचे खर्जाचे आवाज गाळणारा) बंद ठेवा, नाहीतर संबळाचा घुमारा जातो. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (न दाबलेली फाइल). वाजवणाऱ्या दादांना सगळ्यात जोराचा ठोका मारायला सांगा आणि शिखर −१२ डीबीच्या आसपास येईल असा गेन (रेकॉर्डिंगची पातळी) धरा. २४ बिटमध्ये एवढी मोकळी जागा सोडल्याने काही बिघडत नाही.

एक फूट फारच जवळ आहे. तिथून काडीचा टणका तेवढा येतो, वाकड्या काडीने निघणारा घुमार मागे पडतो. तीन फुटांवर या. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण ६ डीबी उतरते, त्यामुळे फाटणंही कमी होईल. पण माइक लांब गेला की खोली ऐकू यायला लागते, आणि पत्र्याची खोली संबळाला सगळ्यात वाईट: वरून ठणठण परत येते, ती नंतर कशानेही निघत नाही. वेचणीनंतर कापूस भरून ठेवलेली खोली मिळाली तर सोनं. तीन बाजूंनी कापूस, दाराला दोन वाकळी, झालं काम. फक्त तिथं हॅलोजन दिवा किंवा गरम होणारं काही नेऊ नका. तेही नसेल तर पहाटे चारच्या सुमाराला भिंतीपासून दूर, मोकळ्या रानात.

घूंऽऽ कशाची ते आधी ओळखा. ऑडॅसिटीच्या प्लॉट स्पेक्ट्रममध्ये (कुठल्या कंपनाचा आवाज किती ते दाखवणारा आलेख) ५०, १००, १५० हर्ट्झवर टोकदार खुंट्या दिसल्या तर वीज आहे: चार्जर काढा, रेकॉर्डर बॅटरीवर चालवा. पसरट टेकाड दिसलं तर पंखा किंवा कूलर, तो बंदच करावा लागेल. नॉइज रिडक्शन ६ डीबीच्या वर नेलं की ठोक्याची शेपूट पाण्याखालून आल्यासारखी होते.

आणि सगळे ठोके एकाच बैठकीत घ्या. दमट हवेत कातडं सैल पडतं, सूर उतरतो. सकाळचा आणि संध्याकाळचा ठोका एका लूपमध्ये जुळत नाही.

लूपवाली_लातूर
अडखळणं एमपी३ मुळे आहे. एन्कोडर फायलीच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो, ३२० केबीपीएस केलं तरी ती राहते. मूळ वेव्हवरून ओजीजी व्हॉर्बिस (अशी शांतता न भरणारा फाइल प्रकार) काढा; एमपी३ चंच ओजीजी केलंत तर ती खाच तशीच येईल. गोडॉटमध्ये फाइल निवडून इम्पोर्ट टॅबमध्ये लूपला टिक करा आणि रीइम्पोर्ट दाबा.

लांबी कानाने नको, मोजून कापा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत १६ मात्रा म्हणजे बरोबर ८ सेकंद, ४८ किलोहर्ट्झला ३,८४,००० सॅम्पल. घुमारा शेवटच्या मात्रेच्या पुढे लोंबतो, तो कापला तर सांधा कळतो. म्हणून तेच आवर्तन सलग दोनदा वाजवून घ्या आणि दुसरं कापून वापरा: पहिल्याची शेपूट दुसऱ्याच्या सुरुवातीला आपोआप बसलेली असते.

बटण दाबल्यावर वाजणारे सुटे ठोके मात्र मोनो वेव्हमध्येच ठेवा. हलका, मध्यम, जोराचा, प्रत्येकी पाच-सहा टेक. गोडॉटच्या ऑडिओस्ट्रीमरँडमायझरमध्ये (दरवेळी वेगळा टेक निवडणारी सोय) टाकून सूर दोन-तीन टक्के इकडंतिकडं होऊ द्या. एकच टेक परत परत आला की संबळाचं शिलाई मशीन होतं. ठोक्याआधीची शांतता काढून टाका, दोन मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूच चढवणं-उतरवणं) द्या, नाहीतर टिक् ऐकू येते. उशीर तपासायचा असेल तर वायरचे हेडफोन लावा. ब्लूटूथचा स्वतःचाच उशीर गेमच्या माथी बसतो.

रात्रीचे रातकिडे घेणार असाल तर निदान तीन मिनिटं सलग घ्या आणि ठळक आवाज काढून टाका. एकच कुत्रं ठरावीक वेळाने भुंकलं की खेळणाऱ्याला लूप लगेच कळतो.

तुळजापूर_रोड
तांत्रिक सगळं आलं, एक राहिलं. रचना परंपरेची असली तरी सादरीकरणावर कलाकाराचा हक्क असतो: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ३८, मुदत ५० वर्षं. वाजवण्याआधीच मराठीत एक पान लिहून वाचून दाखवा: काय रेकॉर्ड करणार, तारीख, गेम विकणार की फुकट, इंटरनेटवर टाकणार का, मानधन किती, श्रेयनामावलीत नाव कसं लिहायचं. दोघांच्या सह्या, एक प्रत त्यांच्याकडे. गोंधळ ही देवीची सेवा आहे, म्हणून कोणतं आवाहन खेळात वापरलेलं चालेल हे त्यांनाच ठरवू द्या. ते नको म्हणाले तर नुसता ताल घ्या. सुटे ठोके फ्रीसाउंडवर (आवाज वाटून घ्यायची वेबसाइट) टाकायचे असतील तर त्याची परवानगी वेगळी लिहा. सीसी-झीरो (सगळे हक्क सोडणारा परवाना) दिलं की कुणीही, कशासाठीही वापरू शकतं, आणि ते परत घेता येत नाही.

गोदाकाठ (परभणी)
शेंडे सपाटच निघाले, आणि चार्जर काढल्यावर घूंऽऽ गेली. तुणतुणंही तीन फुटांवरूनच घ्यायचं का?

कापसाची_खोली
नाही, त्याचा आवाज लहान. दीड फूट, माइक तारेच्या थोडा बाजूला. नळकांड्याच्या तोंडासमोर धरला तर नुसतं ढब् येतं. इथं ८० हर्ट्झचा लो-कट लावला तरी चालेल. संबळ शेजारी वाजत असताना घेऊ नका, दोन माइकमध्ये एकच ठोका मागेपुढे पडून आवाज पोकळ होतो. एक तार असल्याने सूर गाणाऱ्याप्रमाणे बदलतो. सुरुवातीला दहा सेकंद नुसती तार छेडून घ्या, ट्यूनर ॲपवर किती हर्ट्झ आलं ते फायलीच्या नावातच लिहा.