शर्ली स्टिफनेस टेस्टर : आमचं रीडिंग 2.1, पार्टीचं 4.6, कापड एकच

लॅबवाला_इचल
मंडळी, मी इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसच्या लॅबमध्ये आहे. पॉपलिनचा (दाट विणीचं सुती कापड) लॉट गेला, 110 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 110 ग्रॅम. पार्टीने परत पाठवला, म्हणे कापड कडक आहे. सोबत त्यांच्या लॅबचा कागद : उभ्याची (उभ्या धाग्याच्या दिशेची) बेंडिंग लेंग्थ, म्हणजे कापडाच्या ताठपणाचं माप, 4.6 सेंमी. आमच्या रजिस्टरमध्ये 2.1. थोडाफार फरक समजू शकतो, पण दुपटीहून जास्त? शेठ म्हणतात, "तुझं मशीन बिघडलंय." मशीनमध्ये बिघडण्यासारखं आहे तरी काय! एक सपाट फळी, बाजूला तिरक्या रेघा आणि एक आरसा. वीजसुद्धा लागत नाही.

पट्टी टेम्प्लेटनेच कापली, सहा इंच बाय एक इंच. स्केलखाली ठेवून हळूहळू पुढे सरकवली. टोक खाली झुकलं, आरशात दोन्ही रेघा एकावर एक आल्या, तिथे थांबून वाचलं. कुठं चुकतंय?

जुना_टेस्टर
4.6 वाचलं आणि हसूच आलं. पार्टीला एवढंच विचारा, लांबी कशाने मोजली? साध्या स्टीलच्या फूटपट्टीने मोजली असणार.

त्या तिरक्या रेघा 41.5 अंशांवर असतात. पट्टी स्वतःच्या वजनाने तेवढी झुकली की बाहेर लोंबणाऱ्या भागाची निम्मी लांबी म्हणजे बेंडिंग लेंग्थ. शर्लीच्या स्केलवर हे निम्मं आधीच कोरलेलं असतं. तुम्ही 2.1 वाचता तेव्हा कापड खरं 4.2 सेंमी लोंबत असतं. त्यांनी 4.6 लोंबतं मोजलं आणि निम्मं करायचं राहून गेलं. म्हणजे त्यांचं 2.3.

आता 2.1 आणि 2.3. फरक किरकोळ वाटतो ना? फ्लेक्सुरल रिजिडिटी, म्हणजे वाकायला होणारा विरोध, काढून बघा. बेंडिंग लेंग्थचा घन, गुणिले जीएसएम, गुणिले 0.1. तुमचं 102 मिलिग्रॅम-सेंटिमीटर, त्यांचं 134. घन असल्यामुळे दोन मिलिमीटर असे अंगावर येतात.

आणि एका पट्टीची चार रीडिंग घेता ना? दोन्ही टोकं, दोन्ही बाजू. उभ्याच्या पट्ट्या वेगळ्या, आडव्याच्या वेगळ्या. घाईत एकाच टोकावर भागवणारे मी भरपूर पाहिलेत.

लॅबवाला_इचल
काका, चारच घेतो, शपथ! पण उरलेले दोन मिलिमीटर कुठून आले?

जुना_टेस्टर
लॅबला एसी आहे का?

लॅबवाला_इचल
पंखा आहे. आणि बाहेर धो-धो पाऊस.

जुना_टेस्टर
मग झालं की. खळ घातलेली सुती साडी जुलैत कशी मऊ पडते, आईला विचारा. तुमची पट्टी दमट हवेत बसलेली, त्यांची एसीत. आपल्याकडचं प्रमाण 27 अंश आणि 65 टक्के आर्द्रता. नमुना त्या हवेत चोवीस तास ठेवा, मगच मापा.

जाता जाता : मँचेस्टरजवळच्या डिड्सबरीत कापड संशोधनाची शर्ली इन्स्टिट्यूट होती, मशीनचं नाव तिच्यावरून. आणि इन्स्टिट्यूटला नाव देणगीदाराच्या मुलीचं. तिथल्याच पीअर्सने 1930 मध्ये कापडाचा 'हात', म्हणजे हाताला ते कसं लागतं, आकड्यात पकडायचा हा मार्ग मांडला.

कागदवाली
मी टिश्यू पेपरच्या लाइनची, तरी बोलते. तुमचं मशीन फक्त वाकणं मोजतं. हाताला कापड खरखरीत लागलं तर ते शर्लीत दिसणारच नाही. आमच्याकडे हँडल-ओ-मीटर असतो : एक पातं कागदाला फटीतून खाली ढकलतं, लागलेलं बळ मोजतो. त्यात कागदाचा ताठपणा येतो आणि फटीच्या कडांवरचं घर्षणही. पार्टी 'कडक' म्हणाली ते वाकवून की चोळून, हे आधी विचारा.

लॅबवाला_इचल
अपडेट. फूटपट्टीच निघाली! फोनवर त्यांचा पोरगा आधी गप्प, मग म्हणाला, "सर, फॉर्मवर निम्मं करायचं लिहिलेलंच नाही." शेजारच्या एसी लॅबमध्ये नमुना चोवीस तास ठेवला. उभं 2.2, आडवं 1.6.

कागदवाली ताई, तुमचंही बरोबर निघालं. पार्टीचा माणूस कापड बोटांत चोळूनच 'कडक' म्हणाला होता. लॉटमधले दोन तागे सिलिकॉन सॉफ्टनरचा हात देऊन पाठवतोय. शेठना मशीनबद्दल अजून काही बोललो नाही, आधी तागे पास होऊ देत.