मदत हवी आहे: घरच्या घरी आइस्ड उबे लाटे (जांभळी गार कॉफी)

कर्वेनगरची_मावशी

मंडळी, जरा मदत करा. हल्ली कॅफेत ती गार कॉफी मिळते ना, खाली जांभळा थर, मध्ये पांढरं दूध, वर कॉफी, ती घरी करायची आहे. भाची सुट्टीला आली आहे आणि दिवसभर तिचं एकच पालुपद, "मावशी, उबे लाटे". ग्लासाला साडेतीनशे मोजायचे आणि त्यात निम्मा बर्फ, हे काही मला पटत नाही.

उबे म्हणजे फिलिपिन्सचा जांभळा कंद आणि तो म्हणजे आपलं कोनफळच, इतपत शोध लावला. उंधियूचे दिवस असल्यामुळे मंडईत कोनफळ आहेच. चांगला मोठा तुकडा आणला. आतून रंग इतका गडद की विळी, बोटं, ओटा सगळं रंगलं. सोलून फोडी केल्या, भरपूर पाण्यात उकडल्या, पाणी ओतून दिलं, गार झाल्यावर दूध-साखर घालून मिक्सरला फिरवल्या. वर बर्फ, गार दूध आणि फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन.

निघालं काय, तर राखाडी! ओल्या सिमेंटचा असतो ना, तो रंग. तळाशी चिकट गोळे, ते स्ट्रॉमध्ये अडकतात. चव निव्वळ कॉफीची, कोनफळ आत आहे हे सांगावं लागतं. भाचीने मुकाट्याने ग्लास संपवला, पण दुसरा मागितला नाही, यात काय ते आलं.

रंग कुठे जातो? गोळे का होतात? आणि ते उबेचं इसेन्स ऑनलाइन मिळतं ते घ्यावंच लागतं का? रविवारी तिच्या मैत्रिणीही येणार आहेत, त्याआधी सांगा.

खमंग_काप

कशाला त्या कोनफळाचे हाल करताय? पातळ काप काढा, तिखट-मीठ-हळद चोळा, रव्यात घोळवा आणि तव्यावर तेल सोडून खरपूस करा. कॉफी बाजूला वेगळी प्या. मुलींना तेच द्या, बघा कशा तुटून पडतात.

कर्वेनगरची_मावशी

काप झाले हो, परवाच. आता लाटेचं सांगा.

रसायनवाली

रंगाचं मी सांगते. कोनफळाचा जांभळा रंग अँथोसायनिनचा. जांभूळ, लाल कोबी, काळी द्राक्षं यांत असतात त्याच जातीची ही रंगद्रव्यं. ती पाण्यात विरघळतात. म्हणजे फोडी करून भरपूर पाण्यात उकडल्या की निम्मा रंग पाण्यात उतरतो, आणि तेच पाणी तुम्ही मोरीत ओतलंत.

दुसरं म्हणजे हा रंग आंबटपणाप्रमाणे बदलतो. आंबटात लालसर गुलाबी, क्षारात (म्हणजे खायच्या सोड्यासारख्यात) निळा आणि पुढे हिरवट. तुमच्याकडे पाणी महापालिकेचं की बोअरचं? जड पाणी उकळलं की आणखी क्षारीय होतं आणि त्यात कोनफळ निळसर पडतं. त्या निळसर लगद्यावर तपकिरी कॉफी ओतली की राखाडीच होणार.

आणि कोणीही "चिमूटभर खायचा सोडा घाला, लवकर शिजेल" असं सुचवलं तर ऐकू नका. रंगाची वाट लागेल.

कर्वेनगरची_मावशी

टँकरचं पाणी आहे! किटली आतून पांढरीफटक होते दर पंधरा दिवसांनी. मग लिंबू पिळू का?

रसायनवाली

दुधात नको, नासेल. पाण्यातच उकडायचं असेल तर त्या पाण्यात चार थेंब चालतील. पण पाण्यात टाकूच नका. सालासकट मोठे तुकडे कुकरच्या डब्यात ठेवा, डब्यात पाणी अजिबात नाही, झाकण घाला, तीन शिट्ट्या. सुरी आरपार गेली पाहिजे. साल नंतर बोटांनी निघते. कच्चं सोलून ठेवलं तर हवेने तपकिरी पडतं, तेही टळतं, आणि हाताला खाजही सुटत नाही. कच्च्या कंदात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणूनच आपल्या आज्या अळू किंवा सुरण चिरताना हाताला तेल चोळायच्या. कच्चं कोनफळ स्मूदीत वगैरे टाकायचा विचारही करू नका.

मनिलाचा_परतलेला

कामानिमित्त काही वर्षं मनिलात होतो, म्हणून बोलतो. तिथे कोणी उकडलेला कंद थेट दुधात फिरवत नाही. आधी त्याचा हलया करतात, म्हणजे दूध, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी घालून आटवलेला जाडसर गोळा. बोहोल बेटावरची किनाम्पाय नावाची जात वासासाठी नावाजलेली आहे. आपल्या कोनफळाला तितका वास नाही, पण कंद तोच आणि काम होतं.

माझं प्रमाण: उकडून किसलेलं कोनफळ पाव किलो, दूध एक वाटी, नारळाचं जाड दूध अर्धी वाटी, कंडेन्स्ड मिल्क अर्धी वाटी, लोणी एक चमचा, मीठ चिमूटभर. कोनफळ गरम असतानाच किसायचं. किसून झाल्यावर पुरणयंत्रातून काढलं तर उत्तमच. मग जाड बुडाच्या कढईत सगळं एकत्र, मंद आच, हात थांबवायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांत कडा सोडू लागतं. श्रीखंडापेक्षा थोडं सैल असतानाच उतरवा, गार झाल्यावर घट्ट होतं. मीठ विसरू नका, त्याशिवाय चव फिकी लागते.

नारळाचं दूध मी मुद्दाम घालतो. कोनफळाची स्वतःची चव फार सौम्य, थोडी बदामासारखी, थोडी व्हॅनिलाकडे झुकणारी. नारळाने ती उठून दिसते.

आता इसेन्स. कॅफेतला तो झगझगीत जांभळा रंग आणि दुरून येणारा वास बहुतेक वेळा बाटलीतूनच येतो. बाटली उलटी करून घटक वाचा, रंग आणि कृत्रिम स्वाद लिहिलेले दिसतील. घालायचं तर चार ग्लासांना पाव चमचा, त्याहून जास्त घातलंत तर औषधासारखं लागतं. मी घालत नाही. घरचा ग्लास फिकट जांभळाच होणार, आणि तो तसाच असायला हवा.

रसायनवाली

गोळ्यांचं राहिलं होतं. कंदात स्टार्च भरपूर. शिजला की फुगतो, गार झाला की आवळून बसतो. तुम्ही गार लगदा गार दुधात घातलात, तो कसा सुटेल? मिक्सर जास्त वेळ फिरवला तरी चिकट होतो. हलया आधी थोड्या गरम दुधात फेटून सैल करायचा, मग बर्फ.

डिकॉक्शन_डेक्कन

कॉफीबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून पुढे सरसावतो. चव निव्वळ कॉफीची येते कारण डिकॉक्शन ढीगभर आणि त्यात चिकोरी, म्हणजे कॉफीच्या पुडीत मिसळतात ती भाजलेल्या मुळीची पूड. चिकोरीने काळपटपणा आणि कडवटपणा दोन्ही वाढतात. या ग्लासासाठी चिकोरी नसलेली पूड घ्या, फिल्टरमध्ये तीन मोठे चमचे दाबून भरा, उकळतं पाणी शंभर मिली, आणि पहिलं उतरलेलं जेमतेम ४० मिली एका ग्लासाला. मोका पॉट (गॅसवर ठेवून कडक कॉफी काढायचं भांडं) असेल तर सोन्याहून पिवळं. इन्स्टंट असेल तर दीड चमचा ४० मिली गरम पाण्यात. डिकॉक्शन पूर्ण गार करून घ्या, नाहीतर बर्फ वितळून सगळं पांचट.

थर लावायची युक्ती: उंच ग्लास. तळाशी दोन मोठे चमचे हलया, तीन चमचे गरम दुधात फेटलेला. चमच्याच्या पाठीने ग्लासच्या कडेला थोडा फासा, ते ओघळ दिसतात ना, ते असेच येतात. मग ग्लास भरून बर्फ. त्यावर फुल फॅटचं गार दूध १५० मिली, बर्फावरून हळू. शेवटी कॉफी, तीही बर्फावरच, धार बारीक. खालचा थर साखरेमुळे जड असतो म्हणून तळाला राहतो. ढवळलं की रंग मळकट होणारच, कॅफेतलाही होतो. म्हणून ते लोक फोटो आधी काढतात.

माझं खाजगी मत: कॉफी न घालता नुसतं कोनफळ-दूध-बर्फ जास्त चांगलं लागतं. मी कॉफीवाला असून हे म्हणतोय.

कोथरूड_डेपो

मावशी, घेताना एक बघा. कोनफळ आतून पांढरंही निघतं. बाहेरून दोन्ही सारखीच मळकट, केसाळ. भाजीवाल्याकडे कापलेला तुकडा असेल तर तोच मागा, नाहीतर नखाने साल खरवडून आतला रंग बघा. आणि दुकानात जांभळं पाकीट दिसलं म्हणून "तारो पावडर" उचलू नका. तारो म्हणजे अळकुडी, त्याची चव निराळी.

मोसम संपत आला की भाव चढतो आणि मग दिसेनासंच होतं. उन्हाळ्यात हवं असेल तर आत्ताच दोन किलो घेऊन हलया करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गोठलेल्या वड्या डब्यात काढून ठेवायच्या. फ्रीजमध्ये नुसता ठेवलात तर चार-पाच दिवस, पुढे भरवसा नाही, दूध आहे त्यात.

कर्वेनगरची_मावशी

लोकहो, आज अर्धा किलोचा हलया केला, पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचं भांडं खाली ठेवून वाफवून. कढईतच रंग ओळखू आला, चक्क जांभळा. पुरणयंत्राची युक्ती लाख मोलाची, एक गुठळी नाही. चिकोरी नसलेली पूड मात्र शोधावी लागेल.

दोन शंका उरल्या. रविवारी आठ ग्लास लागतील, तर एवढा पुरेल का? आणि सासूबाई विचारतात, हे उपासाला चालतं का?

मनिलाचा_परतलेला

अर्ध्या किलोत आठ ग्लास आरामात, चमच्याने खाऊन संपवला नाहीत तर. दूध मात्र दीड लिटर आणा. बर्फ आदल्या रात्रीच लावून ठेवा, घरच्या दोन ट्रेमध्ये भागणार नाही.

खमंग_काप

कोनफळ उपासाला चालतं, दूध चालतं, कॉफी तर सगळेच पितात. इसेन्स घातलंत तर सासूबाईंना बाटली दाखवू नका. आणि उरलेला हलया असेल तर तुपावर परतून वेलची घाला, वड्या थापा.

कर्वेनगरची_मावशी

वड्यांची कल्पना भारी आहे! पाव किलोला साखर किती घेऊ, की कंडेन्स्ड मिल्कची पुरेल?

खमंग_काप

तेवढीच पुरे. फक्त मघापेक्षा अजून दहा मिनिटं आटवा, बोटांत गोळी वळली पाहिजे. ताटाला तूप लावायला विसरू नका, हे फार चिकटतं.