मदत हवी आहे: बो टाय बांधून बांधून मान अवघडली, रविवारी रिसेप्शन

शहापूरचा_बापू
मंडळी, अर्जंट आहे. काल रात्री साडेदहापासून आरशासमोर उभा आहे. चार व्हिडिओ बघून झाले. गाठ बसते, पण पंख इतके पसरतात की कोटाच्या कॉलरवर टेकतात, आणि दहा मिनिटांत एक बाजू लोंबायला लागते. आई म्हणाली, "मांजराच्या गळ्यातला तरी बरा असतो." काय चुकायलंय ते लगेच सांगा. हुकवाला तयार घे, असं कृपया कोणी सांगू नका.

निपाणी_एक्सप्रेस
हुकवाला तयार घे. खडेबाजारात मिळतो. दोन सेकंदांत काम.

कॉलर_कफ
थांबा. बापू, रिसेप्शन कुणाचं? दिवसा की रात्री? सूट कसला, शर्टाची कॉलर कसली, बो कुठल्या कापडाचा? आणि मानेचं माप? टिळकवाडीत २२ वर्षं शिवणकाम करते, माप सांगितल्याशिवाय मला काही सुचत नाही.

शहापूरचा_बापू
माप कशाला ओ अक्का? बो बांधायचाय, शर्ट शिवायचा नाही. सूट साधाच. कार्यक्रम संध्याकाळी.

रविवार_पेठ
सोपं आहे. रुंद टोक उजवीकडे घ्या, अरुंद टोकावरून एकदा फिरवा, मग खालून वर काढा, पुन्हा फिरवा, वरून गाठीत घाला आणि हळूच ओढा. त्रिकोणी गाठ पडते. ऑफिसला रोज अशीच बांधतो.

चव्हाट_गल्ली
ही साध्या टायची गाठ झाली भाऊ. त्याने बो विचारलाय.

रविवार_पेठ
गळ्यातलंच आहे ना शेवटी.

खानापूरचा_वाघ
मुळात बो कशाला? बेळगावात लग्न, सूटवर फेटा बांधा. फोटोत फेटाच उठून दिसतो. काळा सूट, पांढरा शर्ट, काळा बो घालून हॉलमध्ये उभा राहिलास की पाहुणे तुझ्याकडे पाणी मागतील, केटरिंगवाल्या पोरांचा ड्रेस तोच असतो.

चोर्ला_घाट
हे अर्धवट ज्ञान. काळा बो डिनर जॅकेटवर, म्हणजे लेपलला (छातीवरच्या दुमडीला) रेशमी चकाकी असलेल्या कोटावर शोभतो. त्यालाच टक्सेडो म्हणतात, न्यूयॉर्कजवळच्या टक्सेडो पार्कवरून. पांढरा बो शेपटीवाल्या टेलकोटावर. निळ्या किंवा राखाडी साध्या सूटवर काळ्याची सक्ती नाही, मरून घाला, ठिपक्यांचा घाला. आमच्याकडे मडगावच्या लग्नांत नवरदेवाचे सगळे मित्र बो लावतात, कोणी पाणी मागत नाही.

खानापूरचा_वाघ
मडगाव वेगळं, बेळगाव वेगळं.

सीमेवरचा
बेळगावी म्हणा. २०१४ पासून तेच नाव आहे.

खानापूरचा_वाघ
आम्ही बेळगावच म्हणणार.

संपादक
नावाचा वाद वेगळ्या धाग्यावर. इथे बो.

शहापूरचा_बापू
सूट निळा. शर्ट पांढरा, कॉलरच्या टोकांना बटण आहे. बो काळा सॅटिनचा. रिसेप्शन माझंच आहे, ते लिहायचं राहिलं वाटतं.

कॉलर_कफ
स्वतःचं रिसेप्शन आणि बटणवाली कॉलर! ती बटणं सुटाबुटाच्या कार्यक्रमाला नकोत, त्याने कॉलर गोळा होते. साधी, जरा पसरट कॉलर घ्या. आणि सॅटिन घसरतं, तुमची एक बाजू लोंबते त्याचं निम्मं कारण ते. पण पंख रुंद होतात त्याचं कारण दुसरं. पट्टी उलटी करून बघा, कॉलरखाली जाते त्या भागावर आकडे छापलेत का? छोटी सरकपट्टी किंवा हुक आहे का?

शहापूरचा_बापू
आहे. १८ वर लावलाय. मामांनी दिलाय, त्यांचाच आहे.

कॉलर_कफ
तुमच्या शर्टाचं माप?

शहापूरचा_बापू
१५.

कॉलर_कफ
झालं! मामांची मान १८, तुमची १५. तीन इंच पट्टी जास्तीची, ती शेवटी पंखांतच जाणार ना. १५ वर आणा, फार तर साडेपंधरा. बांधल्यावर पंख साधारण डोळ्यांच्या बाहेरच्या कडांपर्यंत आले पाहिजेत.

आता रीत. एक टोक दीडेक इंच लांब ठेवा. लांब टोक आखूडवरून नेऊन खालून वर काढा, गळ्याशी घट्ट करा. आखूड टोक त्याच्या अरुंद भागापाशी दुमडून आडवं धरा, हा पुढचा पंख. लांब टोक त्याच्या मधोमध खाली सोडा. मग लांब टोक दुमडून, पुढच्या पंखामागे जी फट राहते तिच्यातून पलीकडे ढकला. इथेच सगळे अडतात. बुटाच्या नाडीची गाठ ती हीच. घट्ट करताना मोकळी टोकं ओढू नका, दुमडलेल्या कडा दोन्ही हातांनी एकाच वेळी ओढा. मोकळं टोक ओढलं की गाठ सुटलीच.

चोर्ला_घाट
सराव गळ्यावर करू नका. खुर्चीत बसून गुडघ्याच्या वर मांडीला बांधा, समोर दिसतं. आरशात डावं-उजवं उलटं होतं.

चव्हाट_गल्ली
मी तर गुळेदगुड्डच्या खणाचा बो शिवून घेतलाय. निळ्या सूटवर काय दिसतो बघा! लोकांनी शंभरदा विचारलं.

कॉलर_कफ
खण कडक असतो, त्याची गाठ जाड पडते. तुमचा शिवलेलाच असणार, मागे बकरम (कडक अस्तर) घालून. बरोबर?

चव्हाट_गल्ली
...हुक आहे.

निपाणी_एक्सप्रेस
म्हणजे मी काय म्हणत होतो?

शहापूरचा_बापू
१५ वर केला, मांडीवर सहा वेळा बांधला, मग गळ्यावर. पंख बरोबर बसले ओ अक्का! डावा जरा वर आहे तेवढं सोडून.

कॉलर_कफ
राहू दे तो. हाताने बांधलेला असाच दिसतो. शर्ट मात्र उद्याच बदला.

खानापूरचा_वाघ
फेट्याचं काय ठरलं?

निपाणी_एक्सप्रेस
बापू, एक हुकवाला खिशात असू दे. आणि सगळ्यांना कामाला लावलंस, रिसेप्शन कुठल्या कार्यालयात ते कुठं लिहिलंस?