थम्स अप विकायला नको होतं

गिरगावकर:
१९७७ साली कोका-कोला भारत सोडून गेली. परकीय चलनाच्या फेरा कायद्याने परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणा म्हटलं होतं, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस हटले नाहीत, कंपनीही नाही. त्या मोकळ्या मैदानात आपल्या मुंबईच्या पारलेने थम्स अप आणलं आणि देशभर चालवून दाखवलं. (मनमाडजवळच्या हडबीच्या शेंडीला लोक थम्स अपचा डोंगर म्हणतात, यातच काय ते आलं.) १९९३ला कोक परत आली आणि पारलेच्या रमेश चौहानांनी थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा, सिट्रा सगळं तिलाच विकलं. बाजार हातात असताना! गोल्ड स्पॉट तर पुढे बंदच झालं. मला हे आजही पटत नाही.

शिवडीचा नाना:
बाजार हातात कुठे होता, गिरगावकर? बाटल्या भरणारे बहुतेक कारखाने पारलेचे नव्हतेच. पारले अर्क पाठवायची. साखर, पाणी, गॅस, बाटल्या, ट्रक त्या त्या गावच्या बॉटलरचे. काचेच्या बाटलीत भांडवल अडकून पडतं. रिकामी दुकानातून उचला, क्रेटमध्ये परत आणा, धुवा, टवका उडालेली बाजूला काढा, मग पुन्हा भरा. ही साखळी ज्याच्याकडे, धंदा त्याचा. हेच बॉटलर कोकने फोडले असते तर नुसतं नाव घेऊन चौहान काय करणार होते? पेप्सी १९९० पासून बाजारात होतीच. बिसलेरी मात्र त्यांनी ठेवली, आणि ते शहाणपणाचं ठरलं.

गिरगावकर:
बॉटलरना भागीदार करून घेता आलं असतं. कोकने आधी स्वतःचाच कोला पुढे केला, तरी लोक थम्स अपच मागत राहिले. २०२१ साली याच ब्रँडने एक अब्ज डॉलरचा टप्पा गाठला. एवढा दम होता त्यात!

चेंबूरवाली:
ड्यूक्स विसरलात दोघंही. १८८९ साली दिनशॉजी पांडोळे यांनी काढलेली कंपनी, आमच्या चेंबूरला स्वतःचा कारखाना, मँगोला, रास्पबेरी. बॉटलर फुटायचा प्रश्नच नव्हता, तरी १९९४ला पेप्सीकडे गेलीच. मग भागीदारीने पारले वाचली असती कशावरून?

गिरगावकर:
ताई, ड्यूक्सचा जोर मुंबईकडे, पारले देशभर. तुलना होत नाही. आपलं देशी कॅम्पा कोला बघा, २०२३ला परत आलं आणि दोन्ही परदेशी कंपन्यांशी भिडतंय.

शिवडीचा नाना:
भिडतंय, कारण मागे रिलायन्सचा पैसा आहे. १९९३ला चौहानांच्या मागे कोण होतं ते सांगा.